आश्वासनावर मागे घेतलेली दुरुस्ती

वकिलांनी अक्काला सांग म्हणून मला जे सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. आजवर हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. अक्काचा विषय निघाला की मी गप्प होतो तो दुःखानं, असं तिला वाटतं. मी तसं वाटू दिलं.

निरोप अगदी साधा होता. प्रकरण हातातून जाणार आहे, समोरचा जेवढं देतोय तेवढं घेऊन मिटवा. वकिलांच्या खोलीपासून अक्काच्या बागेपर्यंत सायकलीवर जाईतो ते शब्द माझ्या तोंडात होते. तिथे पोचल्यावर मी दुसरंच बोललो, आणि त्या दुसऱ्या बोलण्यापायी तिची बाग गेली.

अक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून पुष्कळ मोठी. आम्ही बंगळुरात किती पिढ्यांपासून आहोत ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आमची मराठी ऐकून पुण्याहून आलेले लोक हसतात. त्यांना ती निम्मी कन्नड वाटते, आणि खोटं नाही ते. मोठी बहीण ती अक्का, धाकटा भाऊ तो तम्मा, हे शब्द आम्ही उसने घेतलेत असं आम्हाला कधी वाटलंच नाही. अक्काला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती मला ओवाळी. तिचे यजमान लवकर गेले, मुलगा तेव्हा शाळेत होता, आणि यशवंतपूरच्या पलीकडच्या एका इनाम गावात सासऱ्यांच्या वेळेपासून कूळ म्हणून कसत असलेली फुलांची बाग तिच्या एकटीच्या गळ्यात पडली.

बाग म्हणजे फार मोठी नव्हे. शेवंती, अबोली, थोडा मोगरा, एक विहीर, विहिरीशेजारी दोन खोल्यांचं घर. मोटेवर गडी, खुरपायला बायका. अक्का स्वतः मोटेमागे जात नसे, विधवा बाईनं तसं जायची रीत नव्हती. पण उजाडायच्या आत फुलं खुडायला ती सगळ्यांच्या पुढे असायची. दुपारी तिच्याकडे गेलो की बोटांना अबोलीचा रंग लागलेला असायचा आणि त्याच बोटांनी ती मला वाढायची. जमिनीचा खंड जाई मल्लेश्वरात राहणाऱ्या इनामदाराला. काही पैशांत, काही नवरात्रातल्या फुलांत. पावत्या निघत त्या मेलेल्या यजमानांच्या नावानं. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

मी विधानसभेत रिपोर्टर होतो. वर्तमानपत्राचा नव्हे, सरकारी. सभेतली भाषणं लघुलिपीत उतरवून घ्यायची, बाहेर जाऊन ती टंकायची, की परत पाळी. वडील शिवणकाम करायचे. आमच्या घरातून सरकारी पगारावर गेलेला पहिला मीच. त्यामुळे नातेवाइकांत माझा भाव वधारलेला होता आणि मला तो आवडत होता.

लागलो तेव्हा सभा आणि हायकोर्ट एकाच लाल इमारतीत होती. काळे कोट आणि गांधीटोप्या एकाच जिन्यात एकमेकांना वाट देत. पुढे आमची सभा रस्ता ओलांडून नव्या दगडी सौधात गेली. पायऱ्या अशा की चढताना माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. मलाही वाटायचं. अध्यक्षांच्या चौथऱ्याखाली आमचं टेबल. मान वर करायला सवड नसायची, म्हणून मंत्री, आमदार सगळे मी आवाजावरून ओळखायचो. तिथे बसून बसून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती. कायदा इथे होतो, माझ्या कानांदेखत होतो. समोर रस्त्यापलीकडे कोर्टात जे चालतं ते आमचंच बोलणं वाचून दाखवणं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं इनामं काढून टाकायची होती. असंच एक बिल आमच्यापुढे आलं. शहराच्या कडेच्या इनाम गावांतली जमीन सरकारकडे जाणार आणि जे कूळ ती स्वतः कसतं त्याच्या नावावर होणार. जिथे असं कूळ नाही ती इनामदाराकडे राहणार. 'स्वतः कसतो' म्हणजे काय, तेही कलमात लिहिलेलं होतं. स्वतःच्या किंवा घरच्या माणसांच्या अंगमेहनतीनं.

त्या दिवशी ते कलम निघालं तेव्हा नेमकी माझी पाळी होती. एका आमदारांनी दुरुस्ती मांडली. म्हातारा, खरखरीत आवाज, बोलताना मधे मधे खोकायचे. त्यांचं म्हणणं, विधवा बाई, अज्ञान मूल, पांगळा माणूस मजूर लावूनच जमीन कसणार. त्यांनी ती स्वतः कसली असंच धरावं, आणि तसं कलमात घालावं. माझ्या हातातली पेन्सिल चालू होती, पण डोळ्यांपुढे अक्का उभी राहिली.

मंत्री उठले. त्यांचं इंग्रजी सावकाश असायचं, आम्हा रिपोर्टरांना ते लाडके. म्हणाले, सन्माननीय सदस्यांची कळकळ मला मान्य आहे, पण दुरुस्तीची गरज नाही. कलमाच्या भावनेत हे आलेलंच आहे. विधवांच्या जमिनीला हात लागणार नाही असं मी या सभागृहाला आश्वासन देतो, तेव्हा सदस्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी.

खोकला ऐकू आला. मग, "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनावर मी माझी दुरुस्ती मागे घेतो."

अध्यक्षांनी सभागृहाची परवानगी विचारली, हो हो झालं, आणि दुरुस्ती गेली. रोज व्हायचं हे. आमदाराला बोलल्याचं समाधान, मंत्र्याला बिल जसंच्या तसं. आम्ही रिपोर्टर याला चांगली रीत समजत असू. भांडण नाही, मतदान नाही, शब्दावर काम.

शनिवारी मी सायकल काढून बागेत गेलो. अक्का ओटीवर फुलं निवडत बसली होती. इनामदाराचा माणूस आदल्याच आठवड्यात येऊन गेला होता. कायदा लागू व्हायच्या आत आपसांत मिटवू, विहीर, घर आणि विहिरीपासून रस्त्यापर्यंतचा तुकडा तुमच्या नावावर करून देतो, बाकीवर कूळ म्हणून हक्क सांगू नका. आजूबाजूला कारखाने उठत होते. त्याला प्लॉट पाडून विकायची घाई होती.

भाचाही घरी होता. शिकून एका सरकारी कारखान्यात नुकताच लागला होता. त्याला ते पटलं होतं. "आई, घे की. विहीर आपली, घर आपलं. आणखी काय पाहिजे तुला?"

"तुझ्या आज्जानं लावलेली शेवंती पाहिजे," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू बोल रे तम्मा. तू तिथेच असतोस की, कायदा करतात तिथे."

मी भाचा आत जाईपर्यंत थांबलो. मग तिला सगळं सांगितलं. मंत्री काय म्हणाले, म्हातारे आमदार काय म्हणाले, सगळं त्यांच्या त्यांच्या आवाजात. ती हसायला लागली. म्हणाली, "खोकलासुद्धा लिहितोस काय रे?"

"सही करू नकोस अक्का. भर सभेत शब्द दिलाय. माझ्या हातानं लिहून घेतलाय मी. सगळी बाग तुझी होणार."

"नक्की?"

"सरकारचा शब्द आहे तो."

आणि लगेच पुढे म्हणालो, "पण माझं नाव घेऊ नकोस कुठे. सरकारी माणूस इनामदाराविरुद्ध सल्ले देतो असं झालं तर मला जड जाईल. पोरालासुद्धा सांगू नकोस."

"सरी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात सरी म्हणजे ठरलं, संपलं.

इथवर माझी चूक होती असं मी म्हणेन, पाप नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो. ऐकलं तेच सांगितलं. त्या चुकीला मी स्वतःला कधीच माफ करून टाकलंय.

इनामदाराला तिनं नाही म्हटलं. कायदा लागू झाला. कुळं ठरवायला जो अधिकारी नेमला होता तो भला माणूस होता. त्यानं गावात येऊन चौकशी केली, अक्काच्या बाजूनं निकाल दिला. त्या दिवशी तिनं शेजारीपाजारी गोड वाटलं आणि माझ्या घरी परडीभर मोगरा पाठवला. माझी छाती फुगली. बायकोला म्हणालो, बघितलंस, सभेतला शब्द असा असतो.

मग इनामदार हायकोर्टात गेला.

अक्काकडून वकील मी पाहिला. कोर्ट माझ्या ऑफिससमोर, भाचा पाळ्यांवर, अक्काला इंग्रजी कागद कळत नव्हते. तेव्हा जाणं-येणं माझ्याकडे आलं. वकील म्हातारे, कन्नड बोलणारे, जीभ तिखट. मी दारात दिसलो की आपल्या कारकुनाला म्हणायचे, "खुर्ची दे रे, विधानसभा आली."

एकदा मी त्यांच्यापुढे चर्चेचा छापील खंड ठेवला. आमच्या वाचनालयातून कुणालाही मिळायचा तो. मंत्र्यांचं आश्वासन जिथे होतं तिथे खूण घालून नेला होता. मनात होतं, आता हे खुर्चीतून उठतील.

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, परत वाचलं.

"छान बोललेत," म्हणाले. "पण हे इथे चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे न्यायाधीश हे बघणारच नाहीत. तुमच्याकडे कोण काय बोललं याला कोर्टात किंमत नाही. तुमच्याकडून शेवटी जो कागद बाहेर आला तो कायदा. कागदात विधवा आहे का? नाही. कागदात काय आहे? घरच्यांची अंगमेहनत. मोटेवर कोण आहे? मजूर. झालं की."

"अहो, पण मंत्र्यांनी स्वतः..."

"मंत्री उद्या नसेल. आणि असला तरी कायदा काय त्याच्या एकट्याचा आहे? सभेतल्या शंभर जणांनी मनात शंभर अर्थ धरून हात वर केलेले असतात. कोर्टानं कुणाकुणाच्या मनात शिरायचं? म्हणून ते फक्त अक्षरं वाचतात." खंड मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवला. "तुमच्या त्या म्हाताऱ्यानं दुरुस्ती मागे घेतली तिथे तुमची बहीण हरली. मताला टाकली असती तर कदाचित कागदात आली असती. पण मागे घेतली."

मी खंड तिथेच टेबलावर राहू दिला. ते स्वल्प मऊ झाले.

"हे बघा. इनामदाराचा वकील परवा भेटला होता. त्यांनाही वेळ घालवायचा नाहीये. पहिलं बोलणं अजून उघडं आहे. विहीर, घर, रस्त्यापर्यंतचा तुकडा. सुनावणीआधी तुमच्या बहिणीला सांगा, घ्या म्हणावं. मी लढेन, मला काय, फी मिळेल. पण हे जाणार आहे. हे माझे शब्द म्हणून सांगा तिला."

सांगतो म्हणालो.

मल्लेश्वराच्या चढावर मी सायकलीवरून उतरून चाललो. मनात शब्द जुळवत होतो. अक्का, वकील असं म्हणतात. अक्का, मी सांगितलं होतं ते तसं नाहीये. हे दुसरं वाक्य काही केल्या तयार होईना. कारण त्याच्यामागून तिसरं येत होतं. पोराचं ऐकून तू सही केली असतीस तर बरं झालं असतं, मी नको म्हणालो. आणि त्याच्याही मागे आणखी एक होतं. मी रोज जिथे पायऱ्या चढून जातो, ज्याच्या जोरावर नात्यात मान घेतो, तिथलं बोलणं रस्ता ओलांडला की वारा आहे.

अक्का विहिरीवर होती. हात पुसत आली.

"काय म्हणाले वकील?"

"ठीक आहे म्हणाले. लढू म्हणाले."

"इनामदाराचा माणूस परत आला होता. पोरगं माझ्या मागे लागलंय, मिटव म्हणून. वकिलांना विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

समोर तिची अबोली वाळत टाकल्यासारखी सुपात पसरली होती. मी तिकडे बघत म्हणालो, "वकील म्हणतात वाट बघू. घाई नको."

"सरी."

मी चहा घेतला आणि आलो.

नंतर मी पुष्कळदा स्वतःची बाजू मांडून पाहिली. म्हाताऱ्या वकिलाला नवं काही कळत नाही, नवा देश आहे, नव्या सभेचा शब्द कोर्ट टाळणार नाही, असं मला खरंच वाटत होतं. वाटत होतं हे खोटं नाही. पण वकिलांचे शब्द वकिलांचे म्हणून तिच्यापुढे ठेवायचे होते, ठरवायचं तिनं होतं. बाग तिची होती. मी तिच्याकडून ते ठरवणंच काढून घेतलं, आणि ते का, तर मी चुकलो असं मला तिच्यासमोर म्हणायचं नव्हतं. याच्याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

वकिलांना सांगितलं, ती ऐकत नाही.

हे दुसरं. पहिल्याला झाकायला लगेच दुसरं खोटं लागलं. वकील म्हणाले, "बाई हट्टी दिसते." मी मान हलवली. तो शब्द तिथून सुटला तो सुटलाच. पुढे वकिलांकडून तो भाच्याच्या कानी गेला, आणि अक्का हट्टी हे सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य झालं.

सुनावणीला मी रजा काढून मागच्या बाकावर बसलो होतो. वकिलांनी जाणार म्हणत असूनही चांगलं काम केलं. शेवटी, बहुधा माझ्याकडे बघून, त्यांनी तो खंड उघडलाच. "विधवांच्या जमिनीला हात लागणार नाही असं मी या सभागृहाला..." एवढं वाचलं. मी उतरवलेली वाक्यं मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमान वाटला. स्वल्पविरामसुद्धा माझ्या जागेवर होते.

न्यायाधीशांनी हात वर केला. आवाज मुळीच चढवला नाही. म्हणाले, "वकीलसाहेब, मंत्री तिथे काय म्हणाले ते तिथे राहू द्या. आम्हाला कलम वाचून दाखवा." वकिलांनी कलम वाचलं. न्यायाधीश म्हणाले, "या बाईंची अडचण आम्हाला दिसते. विधिमंडळाला त्यांना वाचवायचं असेल तर तसं लिहिणं त्यांच्या हातात आहे. त्यांनी अर्धं सोडलेलं वाक्य आम्ही इथे बसून पुरं करायला लागलो, तर उद्या त्यांना नको ते वाक्यही आम्ही पुरं करू."

मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. करता आला नाही. त्यांचं बोलणं मला समजलं. मंत्र्यांचंही समजलं होतं. म्हाताऱ्या आमदारांचंही. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. त्यांच्या मधून चालत जाऊन निरोप चुकीचा देणारा मी एकटा होतो.

निकाल इनामदाराच्या बाजूनं लागला. घरही गेलं, कारण घर बागेतच होतं आणि वेगळा हक्क कुठे लिहिलेला नव्हता. अक्का भाच्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. मागच्या बाजूला हातभर जागेत तिनं डब्यांत शेवंती लावली होती. ती कधी नीट फुलली नाही. पुढल्या वर्षी मी बागेवरून गेलो तर विहीर बुजवून चुन्यानं रेघा मारलेल्या होत्या.

भाचा वाईट नव्हता. पण दोन खोल्या, बायको, मूल, पाळ्या. वैतागला की बोलायचा. माझ्यासमोरही बोलला आहे.

"मामा, तुम्हीच सांगा हिला. विहीर देत होता तो. घर देत होता. दोनदा देत होता! हिला सगळीच बाग पाहिजे होती. आता बस म्हणावं डब्यात शेवंती लावत."

अक्का भिंतीला टेकून वाती वळत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. तिनं फक्त म्हणायचं होतं, मी नाही रे, तुझ्या मामानं सांगितलं. एवढंच. ती म्हणाली, "पोरा, ताट घे मामाला." मी जेवलो.

पुढे पुढे ते घरात थट्टेचं झालं. पोर जेवायला नको म्हणालं, की भाच्याची बायको म्हणायची, "आज्जीसारखा हट्ट करशील तर बाग जाईल हं!" सगळे हसायचे. अक्काही हसायची. मीही हसलो आहे त्या हसण्यात.

काही वर्षांनी सभेत तेच कलम परत आलं. माझ्या पाळीला आलं नाही, पण मी मुद्दाम आत जाऊन मागे उभा राहिलो. सत्ताधाऱ्यांतले एक तरुण आमदार तापले होते. कोर्टानं या सभागृहाचा हेतू पायाखाली घातला, एका विधवेची बाग काढून घेतली! नाव घेतलं नाही, कदाचित ठाऊक नसेल. समोरून कुणीतरी ओरडलं, "हेतू होता तर लिहायला शाई नव्हती काय?" हशा झाला. अध्यक्षांनी घंटा वाजवली. म्हातारे आमदार तेव्हा सभेत नव्हते, त्यांचा खोकला ऐकू आला नाही. त्यांची ती दुरुस्ती, जवळपास त्यांच्याच शब्दांत, एकमतानं मंजूर झाली. फक्त शेवटी एक ओळ होती. ज्या प्रकरणांचे निकाल अंतिम झाले आहेत ती या दुरुस्तीनं पुन्हा उघडली जाणार नाहीत.

ही ओळ मला फार लागली. कारण त्याच सभेला दुसरी तऱ्हाही येत होती. कोर्टानं एखादा कर बेकायदा ठरवला, वसूल केलेले पैसे लोकांना परत द्यायची पाळी आली, की आमच्याकडे लगबगीनं बिल यायचं. 'कोणत्याही न्यायालयाचा निकाल, हुकूमनामा किंवा आदेश काहीही असला तरी' अशी त्याची सुरुवात, आणि मागच्या तारखेपासून सगळं कायदेशीर. ते शब्द इतक्यांदा यायचे की आम्ही त्यांना लघुलिपीत एक जोडखूण ठरवली होती. पेन्सिलीचा एक फटका. म्हणजे झालेला निकाल मागे सारायची विद्या त्यांना येत होती. अक्कासाठी कुणाला ती आठवली नाही. आणि मीही कुणाजवळ जाऊन आठवण करून दिली नाही. सरकारी माणूस होतो.

अक्काला मी ही बातमी सांगितली. दमा जोरात होता, उशांना टेकून बसली होती. भाचा कामावर, सून नळावर.

"म्हणजे आता लिहिलं त्यांनी?"

"हो."

"मग इतर बायकांना मिळेल."

"मिळेल."

"बरं झालं." थोडा वेळ श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "तम्मा, एक विचारू? त्या वेळी वकिलांनी खरंच वाट बघू म्हटलं होतं का रे?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं हट्टी म्हणवून घेत होती, तर नेमकं काय झालं होतं एवढं तिला कळायला हवं होतं. तिथे खोलीत आम्ही दोघंच होतो. माझी नोकरी जाणार नव्हती, कुणी ऐकणार नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"मग सरी," अक्का म्हणाली.

त्या थंडीत ती गेली. माझं नाव तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पहिल्या वेळचं नाही, दुसऱ्या वेळचा संशय आला असेल तर तोही नाही. तेराव्याला भाचा माझ्यापाशी येऊन रडला. म्हणाला, "मामा, आईला फार बोललो मी. पण तिनं ऐकायला पाहिजे होतं ना हो?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हाही सांगितलं नाही.

आता इतकी वर्षं झाली. मी रिपोर्टरांचा मुख्य होऊन निवृत्त झालो. नवीन मुलांना शिकवताना सांगायचो, तुम्ही ऐकता तो कायदा नव्हे, नुसतं बोलणं आहे. ती माना डोलवायची. त्यांना ते अभ्यासातलं वाक्य वाटायचं.

हे लिहून मी मोकळा झालो असं कुणी समजू नये. भाच्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. तो शिकला कन्नड शाळेत. त्याच्या घरात मराठी छापलेलं काही जात नाही. हे माहीत असूनच मी मराठीत लिहितोय, हेही सांगून टाकतो. तो अजून तसाच आहे, आई हट्टी होती असं मानणारा, आणि आता त्याची नातवंडंही जेवायला बसली की तीच थट्टा ऐकतात. त्याच्या घरी जाऊन, सगळे बसलेले असताना, त्याला समजेल अशा भाषेत मला म्हणायचं आहे, की तुझ्या आईला मिटवायचा निरोप कधी मिळालाच नाही, तो माझ्याकडे होता आणि मी दिला नाही. एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.